पच्चै वायर

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीला आमच्या घराच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत माणसं राहतात आणि दुसऱ्या खोलीत डिमर, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि वर म्हणायची की मोठी खोली कोणाला मिळाली ते तेवढं विचारू नका. डिमर म्हणजे रंगमंचावरच्या दिव्याचा उजेड हळूहळू चढवायचा आणि हळूहळू उतरवायचा डबा. अप्पांनी असे बारा डबे स्वतः बांधून एका लोखंडी कपाटात ओळीने बसवले होते. कार्यक्रम नसेल त्या दिवशी डबे जमिनीवर उघडे पडलेले असत आणि अप्पा त्यांच्यामध्ये मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत असत. समुद्र दोन गल्ल्यांवर. त्याचा खारा वारा खिडकीतून आत येई आणि पितळेच्या प्रत्येक टर्मिनलवर मळकट थर धरे. तो काढायला अप्पा आईच्या बरणीतली चिंच घ्यायचे. चिंचेने घासलेलं पितळ देव्हाऱ्यातल्या समईसारखं लखलखायचं, पण रात्रीच्या सारात चिंच कमी पडायची आणि आई ताट वाढताना म्हणायची, "आज तुमचे डबेच जेवूं देत."

प्रत्येक डिमर गुणगुणतो. विजेला कापून कापून तो दिव्याकडे सोडतो, त्या कापण्याचाच तो आवाज. बाराही डबे एकदम लावले की आमच्या घरात भुंग्यांचा थवा उठल्यासारखं व्हायचं. समोरच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, राहणारी ब्रह्मचारी मंडळी खिडकीत येऊन बघायची. आईला वीज म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ती डोसा उलटता उलटता आतून ओरडायची, "सातवा रडतोय पाहा," आणि सातव्यातच बिघाड निघायचा. अप्पा कौतुकाने म्हणायचे की हिला डिप्लोमाची गरज नाही. तो टोमणा मला असायचा, कारण डिप्लोमा माझ्याकडे होता. इलेक्ट्रिकलचा, पहिल्या वर्गातला, आणि नोकरी मात्र नव्हती.

आम्ही तंजावूरकडचे मराठी. घरात जे बोलायचो ते पुण्याच्या माणसाला ऐकवलं तर त्याला निम्मं कळेल आणि निम्म्याचं हसू येईल. आता ही जी मी लिहिते आहे ती मराठी लग्नानंतर साताऱ्याच्या सासूबाईंनी घासूनपुसून दिलेली आहे, त्यांनाही चिंचच वापरावी लागली असेल. पन्नाशीला टेकल्यावर लिहायला बसले ते एवढ्याचसाठी की अप्पा विजेचा झटका बसून गेले, त्यात माझा हात होता, आणि सरकारी कागदावर तसं लिहिलेलं नाही. बाकी बालपण, शाळा, मरीनावरची भजी वगैरे ज्यांना हवं त्यांनी दुसरीकडे वाचावं.

अप्पांना सगळे लाइट राव म्हणत. भरतनाट्यमचे कार्यक्रम, मुलींची अरंगेट्रम म्हणजे रंगमंचावरचे पहिले नाच, सभांमधली जुनी तमिळ नाटकं, सगळीकडे दिवे त्यांचे. सभा म्हणजे तिकडची नाचगाण्याची सभागृहं. बिघाड शोधण्याची त्यांची एक ठरलेली चाल होती. आधी भिंत, मग वायर, मग डबा आणि सर्वांत शेवटी दिवा. दिवा लागला नाही की नवखा माणूस आधी दिव्याकडे धावतो, बल्ब बदलतो, शिडी चढतो, घामाघूम होतो. अप्पा उलट दिशेने निघायचे. सभेच्या मेन बोर्डापाशी उभे राहायचे, फ्यूज हाताने चाचपायचे, वास घ्यायचे. एकदा एका नाटकात अर्धे दिवे मलूल आणि अर्धे भडक लागत होते, आणि मॅनेजर आमच्या डब्यांच्या नावाने शंख करत होता. अप्पांनी त्याचा हात धरून त्याला त्याच्याच भिंतीपाशी नेलं आणि न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या वायरीचा, सैल झालेला, काळा पडलेला स्क्रू दाखवला. नंतर घरी मला म्हणाले, "माणसांचंही असंच गे. जेथें दिसतें तेथें नसतें."

त्यांच्या जोडीचा माणूस गावी निघून गेला तेव्हा मी त्यांच्याबरोबर जायला लागले. नोकरी मिळेपर्यंत, असं आईला सांगून. रंगमंचाच्या कामात तेव्हा मुली नव्हत्याच, नाचायला तेवढ्या होत्या. पण पहिल्याच महिन्यात मी दोन डबे दुरुस्त केले आणि अप्पा लोकांना सांगू लागले की पोरगी माझ्यापेक्षा बरी आहे. ते खोटं होतं. मला ते फार आवडायचं.

आता त्या हिरव्या वायरीबद्दल सांगायला हवं. सभेच्या बोर्डापासून आमच्या कपाटापर्यंत पाच जाड वायरी यायच्या. चार वायरी वीज आणायच्या-न्यायच्या. पाचवी हिरवी, जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडलेली, अर्थिंगची. तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. पण एखाद्या दिव्यातली वायर जळून त्याच्या लोखंडाला टेकली तर ती सगळी वीज हिरवीवाटे जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. ती नसेल तर त्या एका दिव्यामुळे आमचं कपाट, सगळे स्टँड, सगळे दिवे, जेवढं म्हणून लोखंड एकमेकांना जोडलेलं आहे तेवढ्या सगळ्यात वीज उतरते. वरून काही दिसत नाही.

आणि सगळे जण ती काढायचे. डिमरांची गुणगुण त्याच हिरवीतून माइकच्या यंत्रात शिरायची, आणि नाच सुरू होण्याआधी तंबोऱ्याचा सूर लागला की त्याच्याखाली एक ज्ज्ज असा आवाज ऐकू यायचा. इतर गर्दीत तो खपला असता. पण चेन्नईच्या सभेत पहिल्या रांगेत बसणारे म्हातारे श्रोते तंबोऱ्यातला खडा कानाने वेचतात. मग साउंडवाला माणिक्कम विंगेत यायचा आणि हळूच म्हणायचा, "रावसार, पच्चै." पच्चै म्हणजे तमिळमध्ये हिरवी. एवढं एकच शब्दाचं संभाषण. अप्पा मेन बंद करायचे, हिरवीचा नट सोडवायचे, टोकाला टेप गुंडाळायचे, मेन पुन्हा लावायचे आणि आवाज गायब. कार्यक्रम संपला, सगळं बंद झालं, की ती पुन्हा जोडून तिला हात लावून नमस्कार करायचे. वरातीमागून घोडं ते हेच. मी तसं त्यांना म्हणालेही.

"ठाऊक आहे गे," ते म्हणाले. "म्हणून तर मी टेस्टर घेऊन फिरतों."

ते खरं होतं. पच्चै काढली की अप्पा प्रत्येक स्टँडला टेस्टर लावून बघायचे. टेस्टरचा लहानसा दिवा लागला नाही तरच त्या लोखंडाला हात. कार्यक्रमभर, दर अर्ध्या तासाने. पच्चै जोडलेली असली की मात्र टेस्टर खिशात. तीस वर्षं त्यांनी असं निभावलं होतं. त्यात आणखी एक गोष्ट होती जी बाहेरच्या माणसाला पटायची नाही. नाचाचा रंगमंच म्हणजे देवाची जागा. त्यावर कोणी चप्पल घालून जात नाही, नर्तकी नाही, मृदंगवाला नाही आणि दिवेवालाही नाही. कार्यक्रमाआधी तो ओल्या फडक्याने पुसतात आणि पुढे कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढतात. म्हणजे विजेचं काम करणारा माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी. मी एकदा रबरी चपला घालून विंगेत गेले तर नाचाच्या टीचरनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या हातात घेऊन घरी आले.

या टीचर म्हणजे अप्पांच्या कामाचा अर्धा आधार. वर्षाकाठी त्यांच्या पाच-सहा शिष्यांची अरंगेट्रम व्हायची आणि त्यांना दिव्यांसाठी दुसरा माणूस चालत नसे. अशाच एका अरंगेट्रमला मी शहाणपणा केला. अप्पांनी पच्चै काढली आणि ते समोरच्या बाजूला गेले, तेव्हा मी मेन उतरवून ती परत जोडली. कोणाला विचारलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं, मी बरोबर होते, झालं. पदम, म्हणजे अभिनयाचं गाणं, सुरू झालं. अगदी संथ, आई मुलाला समजावते आहे असं काहीतरी, सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं, आणि त्या शांततेत आमचे बारा भुंगे. माणिक्कमने यंत्राची सगळी बटणं फिरवून पाहिली. गाणाऱ्या बाईंचा सूर दोनदा हलला. ती सोळा वर्षांची पोर नाचता नाचता रडवेली झाली, आणि ते अभिनयातलं रडणं नव्हतं. संपल्यावर टीचर विंगेत आल्या आणि सगळ्यांसमोर तमिळमध्ये म्हणाल्या, "राव, तुम्ही म्हातारे झालात. पुढच्या कार्यक्रमाला मी बघते, मग ठरवते."

अप्पांनी माझं नाव घेतलं नाही. मान खाली घालून "तप्पु माझंच", चूक माझीच, एवढं म्हणाले. हात दाखवून अवलक्षण मी केलं आणि भोगलं त्यांनी. घरी येताना बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. घरी आईने डांगर आणि भात वाढला, कोणी जेवलं नाही. ताट बाजूला सारून ते म्हणाले, "तुझं चूक नव्हतं अंबू. पण हात लावल्यावर सांगावं. दोघं एका वायरीवर आहों ना."

यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात बरे गेले, हे मला आज लिहिताना विचित्र वाटतं. मी अप्पांना सांगितलं की पच्चै न काढताही आवाज घालवता येतो. प्रत्येक डिमरला एक चोक लावायचा. चोक म्हणजे लोखंडाच्या भुकटीच्या कड्यावर तांब्याच्या तारेचे दाट वेढे, जे विजेच्या कापण्याची धार बोथट करतात. अप्पांनी विजेच्या सामानाच्या बाजारातून, रिची स्ट्रीटवरून, कडी आणि तार आणली. दुपारभर मी वेढे घालत बसायचे. तार कड्यातून आत, बाहेर, ओढ, पुन्हा आत. बोटांना चिरा पडल्या. आई त्यावर तूप लावायची आणि म्हणायची की हिच्या हाताला मेंदीच्या ऐवजीं तांबें लागलें, आतां कोण करतो लग्न. अप्पा एकेक चोक लावून डबा सुरू करायचे, कान लावायचे, आणि आईला विचारायचे, "रडतोय?" आतून उत्तर यायचं, "नाहीं. मुसमुसतोय."

नवव्या चोकनंतर तार संपत आली. कार्यक्रम दोन दिवसांवर. पुन्हा रिची स्ट्रीटला जायला हवं होतं. मी गेले नाही. शेवटच्या तीन कड्यांवर उरलेली तार वाटून टाकली, निम्मे वेढे, आणि वरून कापडी टेप असा चोपून बसवला की आतलं दिसू नये. अप्पांनी ते तीन चोक हातात घेऊन पाहिलेसुद्धा नाहीत. मी केलं म्हणजे झालं.

कार्यक्रम संध्याकाळी होता. आम्ही सकाळीच मैलापूरच्या त्या सभेत पोचलो. अप्पांनी दोरखंड सोडले, दिवे चढवले, वायरी ओढल्या, आणि पच्चै स्वतःच्या हाताने कपाटाला घट्ट आवळली. मी ते पाहिलं. माणिक्कम शेजारी उभा होता. दुपारी अप्पांनी भूक लागली असं सांगितलं, म्हणजे त्यांना कॅन्टीनमधला रवा डोसा हवा होता, आणि ते गेले. मी कपाटापाशी एकटी. तेवढ्यात टीचर आल्या. त्यांनी माणिक्कमला तंबोऱ्याचं यंत्र माइकपुढे लावून बघायला सांगितलं, मला दिवे लावायला सांगितले. मी एकेक डबा चढवत गेले. नवव्यापर्यंत तंबोरा स्वच्छ होता. दहावा चढवला आणि तो ज्ज्ज आवाज आला. पूर्वीपेक्षा बारीक, पण तोच. टीचरनी मान तिरकी केली. "राव कुठे आहेत?" एवढंच विचारून त्या नर्तकीच्या खोलीकडे गेल्या.

मी घाबरले होते, हे स्पष्ट लिहिते. अप्पांची भाकरी जाईल याची भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही की आता अप्पा ते तीन चोक उघडतील आणि आत काय आहे ते बघतील. मी मेन उतरवलं. नट सोडवला. पच्चैच्या टोकाला टेप गुंडाळला आणि ती कपाटाच्या मागे सरकवली. मेन लावलं. तंबोरा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. माणिक्कम तेव्हा सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होता, चोक जमले असं त्याला वाटलं असावं, त्याने लांबूनच अंगठा दाखवला. मी ठरवलं होतं की अप्पा आले की आधी त्यांना सांगायचं. देवाशपथ ठरवलं होतं.

अप्पा आले ते हात पुसत. विंगेत शिरताच थांबले, डोळे मिटले, तंबोरा ऐकला. सगळे बारा दिवे लागलेले, आणि आवाज नाही. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, माझ्या डिप्लोम्याच्या दिवशीसुद्धा नाही.

"गेला की गे," ते म्हणाले. "अंबू, गेला आवाज. तीस वर्षांत मला जें जमलें नाहीं. तुझे चोक!"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, "अप्पा, पच्चै मी काढली आहे." मी हसले. मी लाजून हसले, कौतुक झालेली मुलगी हसते तशी. सांगू, पाच मिनिटांनी सांगू. इतकं गोड काही मला कोणी म्हणालं नव्हतं आणि ते पाच मिनिटं माझ्याजवळ राहावं असं वाटलं.

त्या पाच मिनिटांतच डाव्या विंगेतल्या स्टँडवरचा तीन नंबरचा दिवा मिचकावायला लागला. आणि मीच म्हणाले, "अप्पा, तीन नंबर बघा ना." नंतर कळलं की त्या दिव्याच्या आतली वायर उष्णतेने भुगा होऊन सुटत होती, कधी जागेवर टेकत होती, कधी दिव्याच्या पत्र्यावर. एरवी अप्पा आधी भिंतीकडे गेले असते. पण दिवा एकच होता, कार्यक्रमाला दोन तास होते, आणि ते खुशीत होते. रंगमंच नुकताच पुसलेला. कोलमची रांगोळी ओली. त्यांनी विंगेच्या कडेला वाकून जमिनीला हात लावून नमस्कार केला, चार पावलं चालत गेले आणि स्टँडचा खांब पुरा तळहात घालून धरला. टेस्टर खिशात होता.

आवाज आला नाही. सिनेमात ठिणग्या वगैरे उडतात तसं काही झालं नाही. ते नुसते उभे राहिले. मला वाटलं स्टँड सरकवताहेत. मग त्यांचं डोकं मागे गेलं, आणि मला कळलं. मेन माझ्यापासून सहा पावलांवर होतं. मी धावले, दांडा खाली ओढला, सगळं सभागृह काळोखात गेलं, आणि त्या काळोखात ते पडल्याचा आवाज ऐकला. माणिक्कम आणि सभेचा वॉचमन त्यांना उचलून रिक्षात घालत होते तेव्हा मी त्यांचे तळपाय पुसत होते. रांगोळी लागली होती म्हणून. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने त्यांच्या छातीवर बराच वेळ मेहनत केली आणि मग मला विचारलं की घरी आणखी कोण आहे.

मी पुढे चेन्नईबाहेरच्या ओरगडमच्या एका मोटारींच्या कारखान्यात लागले, देखभाल विभागात, आणि माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं तिथेच गेली. तिथे नियम असा की यंत्राला हात लावण्याआधी त्याच्या मेनला स्वतःचं कुलूप घालायचं आणि त्यावर नावाची चिठ्ठी. जो कुलूप घालील तोच काढील. मी या नियमात इतकी कडक होते की पोरं मला मागून कुलूपबाई म्हणत. मी मुदतीआधीच नोकरी सोडली, तेव्हा निरोपाच्या समारंभात माझ्या शिस्तीवर भाषणं झाली. मी मान डोलावत बसले होते. शिस्त कुठून आली ते कोणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

अप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वीजखात्याचा इन्स्पेक्टर सभेत आला. बारकुडा, थकलेला माणूस. त्याने दिवा उघडून पाहिला, स्टँड पाहिला, मग कपाटामागे हात घालून टेप गुंडाळलेली पच्चै बाहेर ओढली आणि सुस्कारा टाकला. "सगळे हेच करतात," तो म्हणाला. मॅनेजर म्हणाला, राव नेहमीच काढायचे. टीचर रडत होत्या. त्याही म्हणाल्या, हो, नेहमीच. इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी तिथे मुलगी म्हणून उभी होते, सुजलेल्या डोळ्यांची, आणि मुलीला असं काही विचारायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. त्याने लिहून घेतलं. मृत व्यक्तीने सुरक्षेसाठीची अर्थ वायर स्वतः काढल्यामुळे, निष्काळजीपणामुळे. मी ते तमिळ वाक्य उलटं, त्याच्या समोरून, वाचलं. निष्काळजी हा शब्द अप्पांबद्दल पहिल्यांदाच कोणी वापरला होता.

दहाव्या दिवशी सकाळचे विधी आटोपले आणि माणिक्कम घरी आला. डिमरांच्या खोलीत डिमर नव्हते, ते अजून सभेतच होते, आणि ती खोली इतकी मोठी दिसत होती की कुठे बसावं ते त्याला कळेना. शेवटी भिंतीला टेकून बसला. आईने त्याला कॉफी दिली. तो तमिळमध्ये बोलत होता, थांबत थांबत.

"अम्मा, एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्या दिवशी सकाळी मी रावसारना विचारलं, पच्चै काढायची का? ते म्हणाले, आज राहू दे. माझ्या मुलीने चोक केलेत. आज तंबोरा थोडा कुरकुरला तरी कुरकुरू दे, तिचंच बरोबर आहे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी नट आवळला. मग काढली कोणी?"

तो माझ्याकडे बघून विचारत नव्हता. खरोखरच कोडं पडल्यासारखं जमिनीकडे बघून विचारत होता. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते आता मला ठाऊक नाही. 'मी' म्हणणार होते असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

पण त्याआधी आई बोलली. तिने माझ्याकडे पाहिलं होतं, एकदाच, डबा रडतोय हे ओळखताना ती मान जशी वळवायची तशी. मग माणिक्कमला शांतपणे तमिळमध्ये म्हणाली, "त्यांनीच काढली असेल. आवाज आला असेल, शेवटी मन बदललं असेल. सवय जाते का?"

माणिक्कमने बराच वेळ मान डोलावली. "हो," म्हणाला, "सवय जात नाही." कॉफी संपवली, भांडं उपडं ठेवलं आणि गेला. जिन्यावरून त्याची पावलं खाली जाईपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.

"आई," मी म्हणाले.

"सांगूं नोको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला सांगट्लीस तर मला तें रोज ठाऊक असेल. मला त्यांची बायको म्हणून तुझ्याकडे पाहावें लागेल. नोको."

"पण कागदावर त्यांचं नाव…"

"राहूं दे. त्यांना आतां काय होणार आहे त्याचें? तुला अजून राह्यचें आहे." ती उठली, माणिक्कमचं भांडं उचललं. "झाकली मूठ गे. उठ, भात लावायचा आहे."

आई गेल्या वर्षी गेली. त्या दिवसानंतर तिने त्या विषयाचा एक शब्द काढला नाही, माझ्या लग्नात नाही, मुलं झाली तेव्हा नाही, शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी बसून होते तेव्हाही नाही. तिने स्वतःच्या नवऱ्याचं नाव माझ्यासाठी खर्ची घातलं आणि कधी त्याची आठवण करून दिली नाही. लोक विचारतील की मग मी त्या सकाळी तिचं न ऐकता माणिक्कमच्या मागे जिन्यावरून धावत का गेले नाही. धावणं मला येत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, तांदूळ मोजले, धुतले आणि कुकर लावला, आणि शिट्टी होईपर्यंत तिथे उभी राहिले. मला तेव्हा काय वाटत होतं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मला हायसं वाटत होतं.